दुसऱ्या यशाची कसोटी : अहिराणी गीतांचा बाजार आणि बोलीची प्रतिष्ठा

१

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून उत्तरेकडे निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर सोनगीर लागते. टेकडीवरील जुना किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी या दोन गोष्टींसाठी हे गाव खानदेशात पूर्वापार प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखकाचा या गावाशी संबंध आला तो बोलीच्या अभ्यासाच्या निमित्ताने. कारागिरांची परिभाषा टिपून घेत असता एका वयोवृद्ध तांबटाने व्यापाराविषयी जे सांगितले, ते या लेखाच्या विषयाला अगदी नेमके लागू पडते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, गिऱ्हाईक पहिले भांडे चकाकी पाहून घेते. तेच गिऱ्हाईक दुसरे भांडे घेण्यास आले, तरच मालाची परीक्षा झाली असे समजावे.

ध्वनिमुद्रित गीतांच्या व्यापारालाही हाच नियम लागू आहे. एखाद्या नव्या गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका खपली, तर त्यात नावीन्याचा, कुतूहलाचा आणि पुष्कळदा निव्वळ योगायोगाचा वाटा किती हे निवडून काढणे कठीण असते. दुसरी ध्वनिमुद्रिका बाजारात येते तेव्हा कुतूहल ओसरलेले असते, अपेक्षा मात्र वाढलेली असते. म्हणून लोकप्रिय संगीताच्या इतिहासात दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या स्वागताला स्वतंत्र महत्त्व आहे.

अहिराणी गीतांना अलीकडे जे व्यापारी यश लाभले, त्याचा विचार या दृष्टीने करावा, असा या टिपणाचा हेतू आहे. मात्र येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. ज्या दोन यशांचा येथे मुख्यतः विचार करावयाचा आहे, ती एकाच गायकाची नाहीत. गायक निराळे, शब्द निराळे, चाल निराळी. दोहोंत समान आहे ती बोली. दुसऱ्यांदा बाजारात उभी राहिली ती बोली, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने या घटनेकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहून चालणार नाही.

२

तुलनेसाठी खानदेशाबाहेरची दोन उदाहरणे घेऊ. १९८० च्या ‘कुर्बानी’ या हिंदी बोलपटातील एका गीताने नाझिया हसन ही अगदी कोवळ्या वयाची गायिका घरोघर पोचली. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, बिद्दू या संगीतकाराने तिचा व तिचा भाऊ झोहेब याचा ‘डिस्को दीवाने’ हा गीतसंग्रह सिद्ध केला. बोलपटाशी संबंध नसलेली हिंदी गीतेही मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ शकतात, हे त्या संग्रहाने दाखवून दिले. १९८२ मध्ये दुसरा संग्रह आला तो मात्र ‘स्टार’ या बोलपटाच्या आधाराने. बोलपट पडला, गीते टिकली. पहिल्या संग्रहाने जे स्वातंत्र्य मिळविले होते, त्यावर दुसऱ्या वेळी व्यापाराचा पुरता विश्वास बसलेला नव्हता, असाच याचा अर्थ करावा लागतो.

दुसरे उदाहरण गोव्याचे. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये आपला पहिला संग्रह ‘गोअन क्रेझी’ शिवोली येथील आपल्या घरीच ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्वतः दुचाकीवरून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. त्या संग्रहाची भाषा इंग्रजी होती. १९८५ मधील दुसऱ्या संग्रहात, ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये, ते गोव्याच्या जुन्या गीतांकडे वळले. पहिल्या यशाने मिळालेली पत कलावंताने दुसऱ्या वेळी आपल्या भूमीच्या परंपरेसाठी खर्च केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यश मिळाले की कलावंतापुढे दोन वाटा असतात : अधिक मोठ्या बाजाराच्या भाषेकडे जाणे, किंवा आपल्या भाषेकडे परतणे. अहिराणीच्या बाबतीत यांपैकी कोणती वाट धरली गेली, हा आपला प्रश्न आहे.

३

प्रथम मराठी ध्वनिमुद्रणाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यास झाले. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. यंत्र महाग, तबकडी महाग, आणि कंपनी दूरच्या शहरात. अशा स्थितीत एक तबकडी अनेक जिल्ह्यांत खपली तरच ती परवडे. साहजिकच मराठी तबकडीची भाषा नागपूरपासून बेळगावापर्यंत कळेल अशी असणे, ही व्यापाराचीच गरज होती. १९३० नंतरच्या दशकात ग. ना. जोशी यांनी गायलेली ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता भावगीताच्या उदयकालातील मोठे यश म्हणून ओळखली जाते. तिचे वातावरण रानातले आहे, तिचा कवी मेहकरचा आहे. परंतु तिचे व्याकरण प्रमाण मराठीचे आहे. ग्रामजीवन विषय म्हणून तबकडीवर आले, ग्रामीण बोली मात्र बाहेरच राहिली.

खानदेशाचा स्वर साऱ्या महाराष्ट्राने प्रथम ऐकला तो बहिणाबाई चौधरी यांच्या रूपाने. १९५१ मध्ये त्या निवर्तल्या. १९५२ मध्ये त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. १९६१ च्या ‘मानिनी’ या बोलपटात वसंत पवार यांच्या संगीताने ती गीत म्हणून घरोघर पोचली. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ हा खानदेशी यकार त्यामुळे पुण्यामुंबईच्या वाचकाच्या ओळखीचा झाला. तथापि बहिणाबाईंची बोली ही लेवा गणबोली होय, अहिराणी नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते. लेवा बोलीची विभक्तिरूपे व क्रियापदे मराठी वाचकाला अडवीत नाहीत. उच्चार तेवढे निराळे वाटतात. अहिराणीचे तसे नाही.

अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. ‘मला’चे ‘माले’ होते, ‘घरात’चे ‘घरमा’ आणि ‘माझा’चे ‘मना’. ‘मी करतो’, ‘तू करतोस’, ‘तो करतो’ या तीनही ठिकाणी ‘करस’ हे एकच रूप चालते. स्त्री बोलत असो वा पुरुष, त्यात फरक पडत नाही. असल्या रूपांमुळेच ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीत न करता भिल्ली भाषांच्या जोडीने केली आणि गुजरातीशी तिचे नाते दाखविले. महाराष्ट्रातील अभ्यासकांपैकी अनेकांनी पुढे तिला मराठीची बोली मानले. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. प्रमाण मराठीच्या श्रोत्याला अहिराणी अडते ती शब्दांपेक्षा प्रत्ययांपाशी, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

४

शब्द आणि प्रत्यय यांतील हा भेद गीतांच्या बाजारात फार उपयोगी पडतो. २००२ मध्ये अवधूत गुप्ते यांनी संगीत दिलेले व वैशाली सामंत यांनी गायलेले ‘ऐका दाजिबा’ हे गीत आले आणि मराठी पॉप संगीताला त्याने महाराष्ट्राबाहेरही श्रोता मिळवून दिला. त्याच्या नावातील ‘दाजिबा’ हा शब्द गावरान नात्याचा, लाडिक संबोधनाचा आहे. पण ‘ऐका’ हे क्रियापद कोणत्याही मराठी शाळेत शिकविले जाते तेच आहे. ग्रामीण शब्द येथे दागिन्यासारखा घातलेला आहे. वाक्याचा देह प्रमाण मराठीचा आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. बाजार परका शब्द आनंदाने स्वीकारतो, कारण शब्द हा एकटा पाहुणा असतो. प्रत्यय मात्र सारे घर बदलून टाकतो, म्हणून बाजार त्याला दारातच थांबवतो.

ही अट प्रथम सैल केली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेले हे साधन भारतात १९८० च्या दशकात सर्वत्र पसरले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट-व्यवसायाचा जो अभ्यास मांडला, त्याचे सार असे की, उत्पादनखर्च घटल्याबरोबर लहान गावचे उत्पादक पुढे आले आणि ज्या बोलींना तबकडीवर जागा नव्हती त्यांना कॅसेटवर जागा मिळाली. खानदेशातही हेच घडले. प्रस्तुत लेखकाच्या शालेय वयात बसस्थानकाजवळच्या दुकानांत अहिराणी लग्नगीतांच्या, कानबाईच्या गाण्यांच्या आणि विनोदी संवादांच्या कॅसेटी टांगलेल्या असत. त्या विकत घेणारे मात्र सगळे अहिराणी बोलणारेच होते. बोली आपल्याच अंगणात गात होती.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि भ्रमणध्वनीवरील माहितीवहन एकाएकी स्वस्त झाले. गीत ऐकण्यासाठी विकत घेण्याची गरज उरली नाही. गीतकर्त्याला मोबदला मिळू लागला तो जाहिरातींच्या उत्पन्नातून. यूट्यूबवर दीर्घ चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के भाग निर्मात्याकडे जातो. दुकान, वितरक, उधारी आणि परत आलेला माल या साऱ्या अडचणी एका फटक्यात नाहीशा झाल्या. जामनेर तालुक्यात वा धुळ्याच्या एखाद्या खेड्यात चित्रित झालेले गीत सुरतेच्या कापड-गिरणीतील कामगाराला त्याच संध्याकाळी ऐकता येऊ लागले. सुरत, नाशिक, पुणे, कल्याण या ठिकाणी पोटासाठी गेलेला खानदेशी माणूस हा या गीतांचा पहिला मोठा आश्रयदाता होय. गाव दूर राहिल्याने गावच्या बोलीची ओढ त्याला अधिक होती, आणि ती ओढ भागविण्याचे साधन आता त्याच्या खिशात होते.

५

या परिस्थितीत २०१८–१९ च्या सुमारास अण्णा सुरवाडे यांच्या आवाजातील ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हे गीत महाराष्ट्रभर गाजले. त्याचे नावच भाषाभ्यासकाला थांबवून ठेवणारे आहे. ‘इकस’ म्हणजे ‘विकतो’ : आरंभीचा वकार गळालेला, आणि शेवटी अहिराणीचा तो वर्तमानकाळी सकार. ‘केसावर’ मधील ‘वर’ हा स्थानदर्शक नाही. तो मोबदल्याचा आहे. विंचरताना गळालेले केस घेऊन त्या बदली फुगे देणारा फेरीवाला गावोगाव फिरतो, त्याचे हे चित्र. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या बोलण्यातही हाच ‘वर’ येतो, आणि भांड्यांच्या सोनगिरात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या श्रोत्यांपैकी अनेकांची मात्र कल्पना अशी झाली की, बबल्या आपल्या डोक्यावर फुगे ठेवून विकतो!

अर्थ न कळताही, किंबहुना चुकीचा कळूनही, गीत गाजले. याचे स्पष्टीकरण दोन प्रकारे करता येईल. एक असे की लोकांना ताल आवडला व बोली हसण्याजोगी वाटली. दुसरे असे की, बोलीचा प्रत्यय प्रथमच दारात न थांबता थेट माजघरात आला. पहिल्या यशाच्या वेळी या दोहोंत निवड करणे शक्य नव्हते. हसू आणि स्वीकार यांचे मिश्रण पहिल्या यशात नेहमीच असते. म्हणूनच दुसऱ्या यशाची वाट पाहणे आवश्यक होते.

ते यश २०२२ च्या सुमारास आले. भैय्या मोरे व अंजना बर्लेकर यांनी गायलेल्या ‘हाई झुमका वाली पोर’ या गीताने प्रेक्षणांचा दहा कोटींचा टप्पा ओलांडला; लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवात, शाळांच्या स्नेहसंमेलनात ते वाजू लागले. पहिल्या गीताचा विषय विनोदी होता. या गीताचा विषय शृंगाराचा आहे. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाटकात, बोलपटात, आकाशवाणीवर ग्रामीण बोलीला जागा मिळे ती गडी, हवालदार वा विदूषक यांच्या तोंडी. ज्या बोलीत लोक केवळ हसतात, तिला प्रतिष्ठा नसते. ज्या बोलीत लोक प्रेम करू लागतात, तिला ती असते. बबल्याला हसून घेतलेले लोक या पोरीला हसले नाहीत. तिच्यासाठी ते नाचले.

नावाची घडणही विचार करण्यासारखी आहे. ‘झुमका’ हिंदी-मराठीत सर्वांना ठाऊक, ‘वाली’ हिंदीतून रुळलेले, ‘पोर’ मराठीच. अहिराणीची खूण उरली ती ‘हाई’ या एका दर्शक सर्वनामात. येथे घाई करणारा अभ्यासक म्हणेल की, मोठ्या बाजारासाठी बोली पातळ केली गेली. परंतु नावाच्या उंबऱ्यावरून गीताच्या आत गेले म्हणजे क्रियापदे व विभक्ती अहिराणीचीच आढळतात. दर्शनी ओसरी पाहुण्याला ओळखीची वाटेल अशी ठेवावी आणि आतले घर आपल्या रीतीचे असावे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे मघाच्या दोन वाटांच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की, या गीताने दोन्ही वाटा काही अंतरापर्यंत एकत्र चालून दाखविल्या.

या यशात कोणा एका मुंबईच्या कंपनीची योजना नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. सचिन कुमावत, विनोद कुमावत यांसारख्या खानदेशातील तरुण कलावंतांनी गीत, अभिनय, चित्रण व प्रसार ही कामे आपल्याच प्रदेशात राहून केली. शिवोलीहून दुचाकीवर निघालेल्या कॅसेटींशी त्यांचे नाते आहे. साधन बदलले, आपला माल आपणच वाहून नेण्याची हिंमत तीच.

६

एवढ्यावर थांबून समाधान मानता आले असते. परंतु सोनगीरच्या एका लग्नात आलेला अनुभव तसे करू देत नाही. वरातीत हेच गीत वाजत होते आणि एक तरुण ते तोंडपाठ म्हणत नाचत होता. नंतर जेवणाच्या पंगतीत मी त्याला अहिराणीत विचारले की, घरी कोणती भाषा बोलता. मी विद्यापीठात शिकवितो हे त्याला एव्हाना कळले होते. त्याने शुद्ध मराठीत उत्तर दिले, ‘‘मराठीच बोलतो सर. ते आपले गावठी असते.’’ त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या लहानपणी वर्गात माझ्या तोंडून ‘तो जास’ असे निघून गेले, तेव्हा शिक्षकांसह सारा वर्ग हसला होता. त्यानंतर तो सकार मी कित्येक वर्षे दातांमागे धरून ठेवला. पुढे भाषाशास्त्रात पदवी घेतल्यावर त्याच सकाराची मी वर्तमानकाळाचा प्रत्यय म्हणून नोंद केली. ज्याची लाज वाटली त्याचेच कोष्टक मांडले.

ही लाज आकड्यांतही दिसते. जनगणनेत खानदेशी हा स्वतंत्र भाषा-मथळा असून अहिराणीची नोंद त्याखाली होते. १९९१ मध्ये या मथळ्याखाली सुमारे ९ लाख ७४ हजार लोक होते. २००१ मध्ये ते सुमारे २० लाख ७५ हजार झाले. २०११ मध्ये पुन्हा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. दहा वर्षांत कोणतीही भाषा जन्मांनी दुप्पट होत नाही; आणि ज्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, त्या दशकात दोन लाखांहून अधिक बोलणारे केवळ मृत्यूने घटत नाहीत. हे चढउतार आहेत ते सांगण्याचे. दारात आलेल्या गणकाने मातृभाषा विचारली असता माणूस कोणते नाव घेतो आणि गणक कोणते नाव लिहितो, याचा तो हिशेब आहे. येथे मोजली गेली ती बोलण्याइतकीच ते बोलणे कबूल करण्याची तयारी.

गीतांचा हा बाजार उभा राहिला तो २०११ नंतर. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे या दोन यशांनंतरची एकही गणना आपल्या हाती नाही. म्हणून गीतांनी अहिराणी वाचविली असे आज कोणी म्हणू नये. आणि गीते म्हणजे केवळ वरातीचा गोंगाट, असेही म्हणू नये. दहा कोटी प्रेक्षणे म्हणजे दहा कोटी माणसे नव्हेत. एकच माणूस शंभरदा ऐकतो, आणि ऐकणारा बोलतोच असे नाही. पण शाळेने, कचेरीने आणि छापखान्याने जे या बोलीला दिले नाही, ते एका बाबतीत बाजाराने दिले : तिचा प्रत्यय चारचौघांत मोठ्याने उच्चारण्याची सवय.

बाजाराचे देणे कायमचे नसते, हेही तितकेच खरे. तिसरे, चौथे गीत पडले तर तोच बाजार पाठ फिरवील. नाझिया हसनच्या दुसऱ्या संग्रहाला जसा बोलपटाचा टेकू घ्यावा लागला, तसा अहिराणी गीताला उद्या हिंदीचा टेकू घ्यावासा वाटेल. ते थोपविणे गायकांच्या हाती नाही. त्यांना पोट आहे. ते आपल्या हाती आहे. बोलीचे व्याकरण वर्गात हसू न येता शिकविले जावे, तिचे कोश तयार व्हावेत, मुलाने ‘जास’ म्हटले तर शिक्षकाने ते रूप फळ्यावर ‘जातो’च्या शेजारी लिहावे, ही कामे कोणतेही गीत करू शकत नाही. राजवाडे संशोधन मंडळाच्या धुळ्यात, जुने कागद बाडांतून सोडवून वाचण्याची परंपरा असलेल्या प्रदेशात, जिवंत बोलीची नोंद हे काही परके काम नाही.

सोनगीरच्या त्या तांबटाला मी निघताना विचारले होते की, दुसरे भांडे नेणारे गिऱ्हाईक तिसऱ्याने येते का. तो म्हणाला, ते भांड्यावर नाही, घरात ते रोज वापरतात की फडताळात ठेवतात यावर आहे. अहिराणीची दोन भांडी खपली आहेत. पुढचा गणक दारात येईल तेव्हा ती चुलीजवळ दिसतात की फडताळात, ते त्याच्या कागदावर उमटेल.